उजव्या हाताची घडी

बहीण गेली तेव्हा भाच्यानं तेराव्याच्या पत्रिकेचा मजकूर माझ्याकडं मागितला. म्हणाला, "मामा, तुम्हीच लिहा. दुसऱ्या कुणाचं आईला पटलं नसतं." मी लिहून दिला. दुसऱ्या दिवशी छापून आला. एकेरी कागद, काळी चौकट, मजकुरात चूक नाही. तो हातात घेऊन मी उगीच त्याच्या कडेवरून बोट फिरवत बसलो, आणि जरा वेळानं लक्षात आलं की मी घडी शोधतो आहे.

त्या घडीची हकिकत माहीत असलेला आता मीच उरलो आहे. म्हणून लिहायला बसलो. हात सावकाश चालतो, पण चालतो.

आमचे वडील उस्मानाबादच्या तहसील कचेरीत होते. निजामाच्या अमदानीत कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले, आणि वडिलांचं उर्दू अक्षर असं होतं की महत्त्वाचा कागद वरचे लोक त्यांच्याकडूनच लिहून घेत. गावात त्यांना मुन्शीजी म्हणत. घरात आम्ही मराठीच बोलायचो, देवघरात संस्कृत चालायचं, पण वडिलांच्या हाताला वळण उर्दूचं होतं. पुढं राज्य गेलं, मुलूख सामील झाला, आणि हळूहळू कचेरीत मराठी आली. वडील मराठी लिहायला बसले की शाळकरी पोरासारखे एकेक अक्षर सुटं लिहीत. तरुण कारकून त्यांच्या टेबलावरून जाताना हसू दाबत. त्यांनी मुदतीआधीच पेन्शन घेतली आणि घरी बसले.

मराठी त्यांना भरभर लिहिता येत नव्हती, पण अक्षर काढता येत होतं. या दोन गोष्टी वेगळ्या असतात. बोरूचं टोक तिरपं कापून ते नुसती 'श्री' काढायला बसले की आई स्वयंपाक ठेवून बघायला यायची. हे ज्यांनी ओळखलं ते गावातल्या छापखान्याचे मालक. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचा छापखाना पूर्वी शिळाछापाचा, दगडावर लिहून छापायचा, सगळी छपाई उर्दूची. राज्य बदलल्यावर त्यांनाही मराठी खिळे आणि पायानं चालवायचं मशीन घ्यावं लागलं होतं. एक दिवस ते आमच्या ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "मुन्शीजी, घर में बैठ के क्या करते? शादी के रुक्के बनाव तुम. छापता मैं."

रुक्का म्हणजे लग्नाचं बोलावणं. आमच्याकडं तोवर लग्नपत्रिका म्हणजे पिवळ्या कागदाचा एक तुकडा, वर गणपती, खाली मजकूर आणि कोपऱ्यांना हळदकुंकू. वडिलांनी ते सगळंच बदललं. कागद त्यांनी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याहून मागवला. हातानं केलेला, दगडानं घोटून गुळगुळीत केलेला, जुन्या तुपाच्या रंगाचा. मोगऱ्याची वेल ते स्वतः काढत. तिचा जस्ताचा ठसा सोलापूरहून करून यायचा. आतल्या एका पानावर ती वेल शाई न लावता नुसती दाबून उठवायची. डोळ्याला ती उशिरा दिसे, बोटाला आधी कळे. दुसऱ्या पानावर मजकूर. त्याची शाई ओली असतानाच तिच्यावर सोनेरी भुकटी कापसानं फिरवायची आणि वाळल्यावर मऊ कुंचल्यानं जादा झाडून टाकायची. घडीत रेशमाचा गोंडा. लिफाफ्यात अत्तराचा बारीक फाया. वडील म्हणायचे, "पत्रिका समोर आली की घेणाऱ्याला आधी हात पुसावेसे वाटले पाहिजेत."

पहिली मोठी पत्रिका त्यांनी तुळजापूरकडच्या एका बड्या शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाची केली. पत्रिका वाटल्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत तो गृहस्थ घोंगडी सावरत आमच्या दारात उभा राहिला.

"मुन्शीजी, पत्रिका लई देखणी झाली, पर कुलूप लावून दिलीया का काय? पाव्हण्यांना उघडंना."

वडिलांनी ती हातात घेतली आणि सहज उघडली. तो गृहस्थ बघतच राहिला. मग माझ्या ध्यानात आलं. वडिलांनी नमुना स्वतःच्या हातानं दुमडला होता, आणि त्यांचा हात आयुष्यभर उर्दू पुस्तकं उघडत आलेला. घडी उजव्या हाताला पडली होती. आपण मराठी माणसं उजव्या कडेला बोट घालून उघडायला जातो, तिथं पत्रिका बंद. उलटी केली तर मागची बाजू कोरी. चाचांच्या छापखान्यालाही हे खटकलं नव्हतं, कारण तिथले हातही त्याच सवयीचे.

वडील ओशाळले. पुढच्या वेळी सरळ घडी घालीन म्हणाले. पण तो गृहस्थ मान हलवत म्हणाला, "नगं, नगं. ज्याला उघडंना त्यो दुसऱ्याला इचारतोय. आख्ख्या पंचक्रोशीत माझ्याच पोरीच्या लग्नाचं बोलणं चाललंय." त्यानंतर लोक येऊन मुद्दाम तसलीच पत्रिका मागू लागले. उजव्या हाताची घडी ही मुन्शीजींची खूण झाली.

या सगळ्या पत्रिकांचे गोंडे माझ्या धाकट्या बहिणीनं बांधले. शाळेतून आली की परातीत रेशीम घेऊन बसायची. आई लिफाफ्यांना कुंकू लावायची. मी शाळामास्तर झालो होतो. मजकूर तपासणं एवढंच माझ्याकडं. कधीतरी बहीण वडिलांना म्हणायची, "माझ्या पत्रिकेला गोंडा कोणता?" वडील मान वर न करता म्हणायचे, "डाळिंबी." हे त्यांचं ठरलेलं होतं.

तिचं लग्न कळंबच्या एका घरात ठरलं आणि पावसाळा सरताना वडील गेले.

आमच्यात असं झालं की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. थांबायची कुणाचीच तयारी नव्हती. वैशाखातला मुहूर्त धरला. थोरले काका, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, आता घरचे कर्ते. निमंत्रक म्हणून नाव त्यांचंच पडणार होतं. शांत, धर्मशास्त्र जाणणारे गृहस्थ. ते म्हणाले, "दुःखाचं वर्ष आहे. पोस्टकार्डावर मजकूर छापू, कोपऱ्यांना हळद लावू, झालं. सोन्याची भुकटी आणि अत्तर या वर्षी बरं दिसायचं नाही."

बहीण आतल्या दारात उभी होती. काका गेल्यावर ती मला म्हणाली, "दादा, जिल्ह्यातल्या इतक्या मुलींचे गोंडे मी बांधले. माझं लग्न पोस्टकार्डावर नको. मला दागिना एक कमी घाला, चालेल. पत्रिका मात्र त्यांच्या पद्धतीची पाहिजे."

ती कधी काही मागणाऱ्यातली नव्हती. मी म्हटलं, "होईल."

वडिलांचा बोरू घेऊन मी बसलो. त्यांच्या हातची सफाई मला नव्हती, पण ते कसं करतात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं: टोक किती तिरपं, श्वास कुठं धरायचा, वेलांटी कुठं सोडून द्यायची. शाळा सुटली की रोज तेच. कागद वाया गेले, जाऊ दिले. 'श्री' साधली तेव्हा आईनं ती बघितली आणि म्हणाली, "ह्याच्या पोटात अजून थोडी जागा सोड. ते सोडायचे." मी पुन्हा काढली. वेलीचं चित्र सोलापूरला पाठवलं. ठसा बार्शीच्या छोट्या रेल्वेनं येडशीला आला, तो आणायला मी एसटीनं गेलो आणि येताना मांडीवर धरून बसलो.

छापखान्यात चाचांनी स्वतः मशीन चालवलं. वेल दाबून उठवायच्या आधी कागद जरासा ओलावावा लागतो, ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. भुकटी मी फिरवली. पहिली पत्रिका तयार झाली, सपाट, न दुमडलेली. चाचा हातात सुपारीएवढा गुळगुळीत दगड घेऊन थांबले. घडी त्यानं दाबायची असते.

"मास्टर, घडी किधर कू?"

मग तेच पुढं म्हणाले, "सोच के बोलो. हाथ का कागज है. एक बार मोड पड्या तो फिर नै जाता."

"वडिलांची," मी म्हटलं.

त्यांनी घडी उजवीकडं घातली आणि दगड फिरवला.

ती पहिली पत्रिका मी काकांना दाखवायला नेली. भुकटी, अत्तर, हातकागद हे सगळं त्यांनी निरखून पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते मऊ पडले होते. 'श्री'वर बोट ठेवून म्हणालेही, "त्याचीच वाटते." मग त्यांचा हात घडीवर आला आणि थांबला.

"हे असं नको."

"त्यांची पद्धत आहे काका. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे."

"तो होता तेव्हा ठीक होतं. लोक हसायचे, कौतुक करायचे. आज त्याचं वर्ष चाललंय. जानवं उजव्या खांद्यावर कधी घेतात?"

मला काय ते कळलं. दर महिन्याला वडिलांच्या तिथीला मी स्वतः जानवं उजव्या खांद्यावर, अपसव्य, घेऊन बसत होतो. पितरांचं सगळं उलट्या दिशेनं करायचं, शुभकार्याचं सुलट. काकांच्या डोळ्यांना ती घडी श्राद्धाची दिसत होती, आणि ते काही खोडसाळपणानं बोलत नव्हते.

"मुलीकडची माणसं दुःखातली, त्यात पत्रिका अपसव्य," ते म्हणाले. "कळंबच्या लोकांनी नाक मुरडलं तर तिला तिथं जन्म काढायचाय, तुला नाही."

"आपण उजव्या खांद्यावर जानवं घेतो ते वडिलांना बोलवायलाच ना? मग लग्नालाही त्याच बाजूनं बोलावू."

"शब्दांत पकडू नकोस. लग्नाच्या आधी पितरांना बोलवायला नांदीश्राद्ध आहे. ते सव्यानं होतं, हे तुला शाळेत शिकवलं नसेल."

शास्त्र त्यांच्या बाजूनं होतं. मी एवढंच म्हणालो, "काका, निमंत्रक म्हणून तुमचं नाव आहे. नको असेल तर मी माझं घालतो. मजकूर पुन्हा छापीन. घडी बदलणार नाही."

मी त्यांना असं कधी बोललो नव्हतो. बोललो म्हणून मला बरं वाटलं नाही, पण मागंही घ्यावंसं वाटलं नाही.

बहीण चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "काका, वरातीला तेरखेड्याची शोभेची दारू सांगितलीय ना कळंबच्या लोकांनी? दुःखाच्या वर्षात आभाळात बाण सोडलेले चालतात, मग कागद दुमडलेला का नाही चालत?"

"तू गप," काका म्हणाले, पण त्यांना हसू आलं. शेवटी म्हणाले, "पहिली पत्रिका देवीला ठेवायचीच आहे. तिथं चिंतामणीला विचारू. ती म्हणेल तसं."

तुळजापूरच्या देवळात चिंतामणी म्हणून एक गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्याच्यावर हात ठेवायचे. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. माझा त्यावर भरवसा नव्हता, तरी मी नाही म्हटलं नाही. काकांना घेऊन जायचं तर ते म्हणतील त्या वाटेनं जावं लागणार होतं. मात्र निघण्याआधी स्पष्ट सांगितलं, "देवीनं नाही म्हटलं तर तिची समजूत मी घालीन. घडी तीच." काकांनी कानावर हात ठेवले.

काका, बहीण आणि मी, आम्ही तिघं गेलो. पुजाऱ्यानं पत्रिका घेतली, न उघडताच देवीच्या पायाशी ठेवली, वर कुंकू वाहिलं. मग काका दगडापाशी बसले. डोळे मिटले, हात ठेवले. आम्ही दोघं पाहत होतो. दगड हलला नाही. काकांनी पुन्हा हात ठेवले. दगड तसाच.

"हं," काका म्हणाले.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे काम होईल, पण वेळ लागेल, असं म्हणतात."

"म्हणजे तिला आपल्या घरच्या भांडणात पडायचं नाही," बहीण म्हणाली.

मागं रांगेतली एक म्हातारी फसकन हसली आणि काकांना म्हणाली, "उठा आता बाबा, लेकीनं सांगितला की कौल."

परतीच्या एसटीत काका खिडकीकडं तोंड करून बसले होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "नाव राहू दे माझं. पण कळंबला पत्रिका मी नेणार नाही. तुझी घडी, तूच ने. ते काय बोलतील ते तूच ऐकून घे."

मला तेवढं पुरे होतं.

कळंबला गेलो तेव्हा सोबत अक्षता, नारळ आणि तशीच दुसरी पत्रिका. ऊन चांगलंच तापलं होतं. होणाऱ्या नवऱ्याचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला. ओसरीत चिंचांचा ढीग पडला होता आणि नवऱ्या मुलाचे आजोबा पाटावर बसून चिंचा फोडत होते. निजामाच्या काळात ते वकिली करायचे, एवढंच मला ठाऊक होतं. मुलाच्या वडिलांनी माझं स्वागत केलं, पाणी दिलं. मी अक्षता दिल्या आणि पत्रिका त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी लिफाफ्यातून ती काढली. अत्तराचा वास ओसरीभर झाला. त्यांनी उजव्या कडेला अंगठा घातला. उघडेना. पत्रिका उलटी केली. मागं कोरं. पुन्हा सुलटी केली.

"हे कुठून..." ते म्हणाले, आणि माझ्याकडं पाहिलं. "घडी उलटी पडली की काय छापखान्यात?"

मी वाटभर जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलायला तोंड उघडलं. घरी बहीण वाट पाहत होती, आणि मला एकच वाक्य हवं होतं, तिला इथं जन्मभर कुणी उलट्या पत्रिकेची म्हणून हिणवणार नाही असं.

"बघू, आण इकडं," आजोबा म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी पत्रिका पुढं केली. आजोबांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. बोटं चिंचेनं चिकट झालेली. "थांब," म्हणाले. सुनेला हाक मारून पाणी मागितलं, हात धुतले, उपरण्याला नीट पुसले, एकेक बोट. मग पत्रिका घेतली, डाव्या कडेला बोट घालून वरचं पान उजवीकडं कलवलं आणि वाचायला लागले. कुठं थबकले नाहीत. आयुष्यभर उघडत आलेलं पुस्तक पुन्हा उघडावं तसे. वाचता वाचता त्यांचा अंगठा पलीकडच्या पानावरच्या बिनशाईच्या वेलीवर गेला आणि तिथं जरा वेळ राहिला.

"मुहूर्त सकाळचा धरलाय," ते म्हणाले. "बरं केलं. ऊन व्हायच्या आत उरकेल."

"पण आप्पा, उलटी आहे ना घडी?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"उलटी कुठंय? तुला उघडता येईना म्हणून वस्तू उलटी व्हय रे? मुन्शीच्या घरची पत्रिका मुन्शीच्या हातानंच उघडणार." मग मला म्हणाले, "मास्तर, आमच्या पाव्हण्यांसाठी अजून थोड्या लागतील. अशाच. ह्याचं ऐकून सरळ करू नका."

मी तोंडातलं भाषण गिळलं आणि हो म्हणालो. त्यांनी पत्रिका मिटली, सुनेला ती देव्हाऱ्यात ठेवायला सांगितली आणि पुन्हा चिंचा फोडायला बसले.

घरी पोचलो तेव्हा काका ओट्यावरच होते. काही विचारलं नाही, पण उठूनही गेले नाहीत. बहीण परात मांडीवर घेऊन बसली होती, डाळिंबी रेशीम पुढ्यात. आई तिच्यामागं.

"कुणी उघडली?" बहिणीनं विचारलं.

"आजोबांनी. आधी हात धुतले."

आईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. वडील गेल्यानंतर पत्रिकांना ती कुंकू लावत नव्हती, ते काम काकूनं केलं होतं. तरी थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि रेशमाचे दोरे सारख्या लांबीचे कापून द्यायला बसली.

"आणि अजून हव्यात त्यांना. अशाच."

काकांनी घसा साफ केला. "मग चाचाला निरोप कोण देणार? मीच जातो," म्हणाले, आणि पायात वहाणा घालून निघाले.

बहिणीनं पुढचा दोरा उचलला. "अजून किती होतील ते चाचांना नीट विचारून या म्हणावं काकांना," ती म्हणाली. "रेशीम पुरलं पाहिजे."